"गाडी आडवी टाका" म्हणणाऱ्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला, "मावशी, तो ॲडव्हान्स रायडिंगचा कोर्स कॅन्सल करतोय, हे वाच." आणि खाली तोच फॉरवर्ड. महिन्याभरात मला हा चार जणांनी पाठवला असेल, वर "३० वर्षं बाइक चालवणाऱ्याचे अनुभवाचे बोल", खाली हात जोडलेले, शेवटी "प्रत्येक बाइकवाल्यापर्यंत पोचवा". चारही वेळा गप्प बसले. पण या पोराला गाडी घेऊन दोन महिने झालेत आणि तो हे खरं मानून बसलाय, म्हणून आता लिहितेच.

फॉरवर्डचं म्हणणं असं, की कोर्स म्हणजे धंदा, ट्रेनिंग घेतलेलेही तितकेच मरतात. पुढच्या ब्रेकला हात लावू नका, गाडी पलटी होते. धडक अटळ असेल तर गाडी आडवी टाका. हेल्मेटने मान मोडते आणि हॉर्न ऐकू येत नाही. हळू चालवणाऱ्याला काही होत नाही, चूक नेहमी समोरच्याची असते, म्हणून अनुभव हाच गुरू.

आडवी टाकण्यापासून सुरू करते, कारण बाकीच्या गोष्टी चुकीच्या आहेत पण हिने माणूस जाईल.

अरे बाबांनो, गाडी थांबवते कोण? रस्त्याला धरून ठेवलेलं टायरचं रबर. कोरड्या डांबरावर चांगलं टायर जेवढी पकड देतं त्याच्या साधारण निम्मी पकड घासत जाणाऱ्या लोखंडाला आणि प्लास्टिकला मिळते. म्हणजे काय ते गणित करून बघा. ६० च्या स्पीडला नीट ब्रेक मारलेली उभी गाडी साधारण १८ मीटरमध्ये थांबते, आडवी टाकलेली ३५ मीटर घसरते. जिथे पहिली थांबलेली असते तिथून दुसरी अजून ४२ च्या स्पीडने पुढे सरकत असते, आणि आता हातात हँडल नाही, पायाखाली ब्रेक नाही, समोर ट्रक असेल तर सरळ चाकाखाली. धडक बसायच्या आधी आपणच स्वतःचा एक अपघात करून घ्यायचा आणि वर त्याला युक्ती म्हणायचं!

मला तर वाटतं या समजुतीचा जन्मच असा झालाय की घाबरून मागचा ब्रेक गच्च दाबला, चाक फिरायचं थांबून लॉक झालं, मागचा भाग बाजूला आला, गाडी पडली, आणि नंतर चार लोकांत सांगताना "मी मुद्दाम टाकली" असं सांगितलं. पडलो म्हणायला लाज वाटते ना.

पुढच्या ब्रेकचं याच्याशीच जोडलेलं आहे. ब्रेक मारला की सगळं वजन पुढे येतं, फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकॲब्सॉर्बर) खाली बसतो, पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं, म्हणजे पकड पुढे वाढते आणि मागचं चाक हलकं होतं. थांबवायची ताकद बहुतेक सगळी पुढेच असते. फॉरवर्डमध्ये अर्धं खरं एवढंच आहे की वळणावर गाडी झुकलेली असताना, किंवा वाळूवर, सांडलेल्या ऑइलवर पुढचा ब्रेक झटक्यात आवळला तर चाक निसटतं. मान्य. पण उपाय काय, तर हळूहळू दाब वाढवत आवळायला शिकणं. सोडून देणं हा कसला उपाय?

मी स्वतः कोर्सला गेले तेव्हा गाडी चालवून १४ वर्षं झाली होती आणि मनात हाच तोरा होता की मला काय शिकवणार. पहिलाच सराव, ४० च्या स्पीडने यायचं आणि रस्त्यावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या कोनपाशी थांबायचं. मी आले, उजवा पाय मागच्या ब्रेकवर दणकन गेला, मागून टायर किंचाळलं, गाडीचं बूड डावीकडे आलं आणि कोन ओलांडून दोन गाड्यांच्या लांबीएवढी पुढे जाऊन थांबले. हाताची बोटं? पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर नुसती ठेवलेली. १४ वर्षं ती तशीच असणार, मला पत्ताच नव्हता. दुपारपर्यंत पंधरावीस वेळा केल्यावर कुठे हात आपोआप आधी आवळायला लागला, आणि मग कोनच्या अलीकडे थांबायला लागले.

आता "अनुभव हाच गुरू". अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या हॅरी हर्ट यांच्या टीमने ९०० वर बाइक अपघातांच्या जागी जाऊन तपास केला, १९८१ मध्ये रिपोर्ट आला, हर्ट रिपोर्ट म्हणून ओळखतात. जुना आहे, तेव्हा बाइकला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची सोय) नव्हतंच, ठीक आहे, पण माणसाचे हातपाय आणि घाबरणं तेच आहे. त्यात निघालं की अपघातात सापडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना त्या ठराविक गाडीवर पाच महिनेसुद्धा झाले नव्हते, आणि एकूण चालवण्याचा अनुभव मात्र जवळपास तीन वर्षांचा. ९२ टक्के लोकांनी ट्रेनिंग घेतलेलंच नव्हतं, स्वतः नाहीतर घरच्यांकडून, मित्राकडून शिकलेले. (नुसत्या ९२ वर मी उड्या मारणार नाही, कारण ट्रेनिंग न घेतलेले लोकच रस्त्यावर जास्त असतात. पण त्यांनी अपघात न झालेल्या रायडरशीही तुलना केली, आणि तिथेही ट्रेनिंगवाल्यांची बाजू बरी निघाली.)

चूक समोरच्याची असते हे तर त्या रिपोर्टमध्येही आहे, दुसरी गाडी आणि बाइक यांच्या टकरींत साधारण दोनतृतीयांश वेळा समोरच्यानेच बाइकवाल्याची वाट अडवली होती. मग? पुढचं वाक्य कोण वाचणार? जीव वाचवायला बाइकवाल्याच्या हातात दोन सेकंदसुद्धा नव्हते, आणि त्यात बहुतेकांनी मागचं चाक लॉक केलं, पुढचा ब्रेक पुरेसा मारलाच नाही. म्हणजे बरोब्बर मी केलं तेच. असा ब्रेक रोजच्या चालवण्यात वर्षातून एखाद्या वेळी लागतो, मग ३० वर्षांच्या अनुभवात त्याचा सराव कधी होणार? तो मोकळ्या जागेत मुद्दामच करावा लागतो.

हळू चालवण्याबद्दल त्याच रिपोर्टमध्ये बघा, अपघाताआधीचा मधला स्पीड ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास, धडकेच्या क्षणी ३५. म्हणजे हळू चालवणारेही सुटलेले नाहीत. आणि बरेचसे अपघात जवळच जाताना, घरातून निघाल्यावर थोड्याच वेळात.

हेल्मेटवर मी वेळ घालवणार नाही. ऐकू येत नाही, दिसत नाही, हे हर्टच्या टीमने तपासून खोटं ठरवलं, आणि २००८ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये (कॉक्रेन म्हणजे जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याला इजा व्हायचा ६९ टक्के कमी. विषय संपला.

राहिलं "ट्रेनिंगवाले पण मरतात". इथे मला दात-ओठ खाऊन थोडं मागे यावं लागेल. त्याच कॉक्रेनने २०१० मध्ये बाइक ट्रेनिंगवरचे २३ अभ्यास तपासले आणि कोर्समुळे अपघात नक्की कमी होतात असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही, बरेच अभ्यासच कच्चे होते. आणि नॉर्वेत कारवाल्यांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं शिकवलं तर तरुण मुलांचे तसल्या रस्त्यावरचे अपघात उलट वाढले, कारण आपल्याला जमतं असं वाटून ते जोरात जायला लागले. त्यामुळे कोर्स केला म्हणजे कवच मिळालं असं कोणी सांगत असेल तर तोही थापाच मारतोय. पण पुरावा कच्चा आहे यातून "म्हणून मागचाच ब्रेक मारा आणि गाडी आडवी टाका" कसं काय निघतं, ते त्या ३० वर्षंवाल्या काकांनाच माहीत.

हे सगळं भाच्याला पाठवलं. बराच वेळ निळ्या टिका, उत्तर नाही. मग आलं, "ओके. पण कोर्सला त्यांची गाडी देतात, ती चालेल ना?"

नाही. तुझी ने. पाच महिने व्हायचेत अजून.