‘सपोर्ट’च्या जागी ‘एंडोर्स’ का चालत नाही

इंग्रजी सुधारण्याच्या टिप्समध्ये एक दावा सारखा फिरत असतो: ‘सपोर्ट’ आणि ‘एंडोर्स’ यांचा अर्थ एकच, फक्त ‘एंडोर्स’ जास्त वजनदार, तेव्हा सीव्हीत आणि ईमेलमध्ये बिनधास्त तोच वापरा. हे ऐकून लिहिणाऱ्याचं नुकसान होतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘अर्थ एकच.’ मुळीच नाही. ‘सपोर्ट’च्या मुळाशी खालून भार पेलणं आहे. ‘एंडोर्स’च्या मुळाशी लॅटिन ‘डॉर्सम’, म्हणजे पाठ. कागदाच्या पाठीवर लिहिणं, हा त्याचा जुना अर्थ. चेक दुसऱ्याच्या नावे करताना मागच्या बाजूला सही करतात, ती एंडोर्समेंट. त्यात पाठिंब्याचा प्रश्नच येत नाही. ब्रिटनमध्ये तर वेगमर्यादा मोडली की चालकाचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड ‘एंडोर्स’ होऊ शकतं, म्हणजे त्यावर गुन्ह्याची नोंद आणि पेनल्टी पॉइंट चढतात!

‘एंडोर्स जास्त जोरदार.’ खरी गल्लत इथे आहे. एंडोर्स करणारा आपलं नाव लावून जाहीर मान्यता देतो. त्याला आतून किती कळकळ आहे, हे त्यावरून कळत नाही. एखादा मतदार उमेदवाराला मनापासून सपोर्ट करतो, गुपचूप मत देऊन येतो. त्याने एंडोर्स काहीच केलेलं नसतं. उलट, पैसे घेऊन शाम्पू एंडोर्स करणारा नट घरी तोच वापरत असेल असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने अध्यक्षपदासाठी कोणालाच एंडोर्स करणार नाही असं जाहीर केलं आणि गदारोळ उठला. संपादकांना मनातून कोण हवं होतं यावर तो वाद नव्हता. वर्तमानपत्राने स्वतःच्या नावाने कौल द्यावा की नाही, यावर होता. ट्विटरवर लोक ‘रीट्वीट म्हणजे एंडोर्समेंट नव्हे’ असं लिहून ठेवायचे, तेही यासाठीच. आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा फरक हा: एखाद्याच्या बोलण्याच्या हक्काला आपण सपोर्ट करू शकतो, त्याचं म्हणणं एंडोर्स न करता.

‘अदलाबदल कुठेही चालते.’ खांब छताला, पुरावा सिद्धांताला, कमावता माणूस कुटुंबाला सपोर्ट करतो. तिथे ‘एंडोर्स’ घातलं की वाक्य कोसळतं. सीव्हीत ‘आय एंडोर्स्ड माय टीम’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की यांनी टीमची जाहीर शिफारस केली. लिहिणाऱ्याला सांगायचं असतं की अडचणीत मदत केली. तिथे ‘सपोर्टेड’च लिहा.