पडद्यामागचं पाणी

कान दुखत असला की माणसाला सहानुभूती मिळते. दडा बसलेल्याला नुसते सल्ले मिळतात, आणि तेही नीट ऐकू येत नाहीत, एवढीच काय ती सोय.

सर्दीने नाक चोंदलेलं असताना विमानाने पुण्यात उतरलो आणि उजवा कान उघडायला विसरला. बाहेरचे सगळे पुटपुटत होते, माझा आवाज मात्र माझ्याच डोक्यात घुमत होता. चकली खाल्ली तर शेजारच्या बिल्डिंगचं पाडकाम सुरू झाल्यासारखं वाटे. स्वतःचाच आवाज एवढा मोठा ऐकू आल्यावर माणूस आपोआप हळू बोलू लागतो. त्यामुळे मला बायकोचं ऐकू येईना आणि तिला माझं. "काय?" "अगं, काय काय?" एवढ्यावर संसार चालला होता.

सासूबाईंनी लसूण घालून तेल कोमट केलं. वरच्या मजल्यावरचे काका केसांची पिन घेऊन आले. त्यांना टक्कल आहे. पिन त्यांनी खास कानासाठीच बाळगलेली असणार. दोघांनाही हात जोडून डॉक्टरांकडे पळालो.

डॉक्टरांनी कानात डोकावून पाहिलं. "पडदा शाबूत आहे, पण आत ओढला गेलाय. मागे पाणी आहे."

"अंघोळीचं?"

"छे हो, तुमचंच!"

पडद्यामागे हवेची एक छोटी खोली असते आणि तिथून नाकाच्या मागे उतरणारी साडेतीन सेंटिमीटरची नळी. सोळाव्या शतकातल्या युस्टाकी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. एरवी ती मिटलेली असते; गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते आणि आत हवा घेते. सर्दीने ती सुजली, त्यात विमान उतरताना बाहेरचा दाब वाढला, की हवा आत जायची वाट बंद. आतली हवा शरीर शोषून घेतं, पडदा आत खेचला जातो आणि खोलीच्या अस्तरातून पाणी झिरपतं. म्हणजे बोंब कानाची, गुन्हेगार नाक! मुलांची नळी आखूड आणि आडवी, शिवाय नाकाच्या मागे ॲडेनॉइड नावाची टॉन्सिलसारखी गाठ वाढलेली; त्यामुळे हा त्रास त्यांनाच जास्त. "लक्ष नसतं याचं" म्हणून धपाटे खाल्लेल्या किती पोरांच्या कानात पाणी असेल, कोण जाणे.

तेलाचं विचारलं. शाबूत पडद्यापलीकडे ते जातच नाही. आणि पडद्याला भोक असेल तर जातं, ते आणखी वाईट.

मग डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवला. "कुठे ऐकू येतंय?"

"उजवीकडे! खणखणीत!" मी बरा झालो की!

"म्हणजे तोच बंद आहे." बाहेरचा गोंगाट पोचत नसल्याने हाडातून आलेला आवाज आजारी कानालाच मोठा वाटतो. परीक्षेत असा उलटा निकाल आम्हाला कधी लागला नाही.

पाणी बहुतेक काही आठवड्यांत आपोआप जिरतं. मोठ्या माणसाच्या एकाच कानात ते राहून राहिलं तर मात्र नाकामागे दुर्बिणीने बघावं लागतं. तोवर सर्दीवर उपचार, आणि भरपूर जांभया.

जांभयांसाठी सोसायटीच्या सभेइतकी उत्तम जागा नाही. विषय होता गच्चीवर साचणारं पाणी. सेक्रेटरी माझ्याकडे रागाने बघत होते, मी औषध घेत होतो. एका दणदणीत जांभईला कानात टक् झालं, पडदा सुटला आणि स्वच्छ ऐकू आलं: "मेंटेनन्सवाढ सर्वानुमते मंजूर." मी विरोध करायला उठलो, तोवर कान परत मिटला होता.