सामान उचलणाऱ्याची डायरी

सकाळी मॅल इव्हान्सच्या, म्हणजे बीटल्स या चौघांच्या इंग्लिश रॉक बँडचं सामान सांभाळणाऱ्याच्या, चरित्राचा फोटो टाकला आणि दुपारपर्यंत डोकं फिरलं. एका जुन्या मित्राची कमेंट: "आता बीटल्सचं सामान उचलणाऱ्याचंही पुस्तक वाचायचं का?" खाली हसणाऱ्या इमोजींची रांग, आणि हसणाऱ्यांत आपलीच मंडळी. उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून इथे वेगळं टाकतोय.

हो, वाचायचं. आधी त्याचं वाचायचं, मग उरलेल्यांचं.

मॅल लिव्हरपूलचा. पोस्टखात्यात टेलिफोन इंजिनिअर, पक्की नोकरी, घरी बायको लिल आणि मूल. जेवणाच्या सुट्टीत भटकताना कॅव्हर्न क्लबमधून बीटल्सचं गाणं कानावर आलं, हा आत शिरला, आणि मग रोजचंच झालं. अंगाने धिप्पाड, म्हणून बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या सांगण्यावरून क्लबच्या दारावर उभा राहू लागला. जानेवारी 1963 मध्ये बँडची व्हॅन चालवणारा नेहमीचा माणूस आजारी पडला म्हणून बदली ड्रायव्हर झाला. लंडनहून परतताना व्हॅनची पुढची काच तडकली. याने ठोसा मारून ती पाडून टाकली आणि त्या वर्षीच्या भयानक थंडीत तशीच गाडी लिव्हरपूलपर्यंत हाणली. मागे चौघं ऊब मिळावी म्हणून एकमेकांच्या अंगावर पडलेले, सोबत व्हिस्कीची बाटली. पुढे हा किस्सा बीटल्स हसत हसत सांगत राहिले. मला त्यात काच नसलेल्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसलेला माणूसच दिसतो.

याचं कारण माझा मामा. जुन्या मित्रांना माहीत आहे, तो एका ऑर्केस्ट्रात होता. गायचा नाही, वाजवायचा नाही. मॅटाडोर चालवायचा, स्पीकर चढवायचा, वायरी गुंडाळायचा. इचलकरंजीच्या एका कार्यक्रमात ऑक्टोपॅडवर नवा पोरगा होता आणि एका गाण्यातल्या म्युझिक पीसनंतर कुठे शिरायचं तेच त्याला कळत नव्हतं. मामा स्पीकरच्या आडोशाला उभा राहून बोटांवर मात्रा मोजायचा आणि वेळ आली की हात वर करायचा. गाणं वन्स मोअर झालं. हार गायकाच्या गळ्यात.

आता हे ऐका. 1967, ॲबी रोडचा स्टुडिओ, बीटल्सचं 'अ डे इन द लाइफ' हे गाणं. गाण्याच्या मधोमध 24 बार (तालाचे ठरावीक मात्रांचे तुकडे) मोकळे सोडलेले, तिथे काय भरायचं ते अजून ठरलेलं नाही. ते 24 बार मोठ्याने मोजत कोण उभं होतं? मॅल. मोजणं संपल्याची खूण म्हणून गजराचं घड्याळ वाजवलं, ते रेकॉर्डवर तसंच राहिलं. शेवटी पियानोंवर एकदम दाबलेला तो लांबलचक सूर आहे ना, त्यातही त्याचे हात आहेत. आणि हे गाणं ज्या ॲल्बममध्ये आहे, त्याचं 'सार्जंट पेपर' हे नाव? त्याच्या आदल्या वर्षी केनियाहून परतताना विमानात मीठ-मिरीच्या पुड्यांवरून मॅल आणि बीटल्समधला पॉल मॅकार्टनी यांच्या बोलण्यात ते निघालं, असंच सांगतात. ॲल्बमच्या एका गाण्याच्या शब्दांना आपण मदत केली, असं मॅलने डायरीत लिहून ठेवलंय. गीतकारांत त्याचं नाव शोधा. दमाल.

पगार आठवड्याला 38 पौंड. जगातल्या सगळ्यात श्रीमंत बँडबरोबर राहून 1969 च्या डायरीत हा माणूस लिहितो की खिसा रिकामा आहे, बिलं येताहेत आणि जॉर्जला तसं सांगावं लागलं. अरे, ज्यांची गिटार तू उचललीस त्यांना हे दिसत नव्हतं? हे वाचताना माझा पारा चढतो तो चढतोच.

मामाच्या ऑर्केस्ट्राचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा स्मरणिका निघाली होती. मामाचं नाव शेवटच्या पानावर, मंडपवाल्याच्या खाली, तेही चुकीचं छापलेलं. आम्ही भडकलो. मामा म्हणाला, "आलं ना पण?"

बरं, मान्य, सोबत राहिलेल्यांची सगळीच पुस्तकं खरी नसतात. बीटल्सचे साउंड इंजिनिअर जेफ एमरिक यांच्या 2006 च्या आठवणींवर त्यांच्याच बरोबरीच्यांनी आक्षेप घेतले. घ्यावेत. पण तारे स्वतःबद्दल लिहितात ते काय गंगेत धुतलेलं असतं?

आणि मॅलही काही संत नव्हता. लिल आणि दोन मुलांना इंग्लंडमध्ये सोडून तो लॉस एंजेलिसला जाऊन राहिला. तिने वर्षानुवर्षं नवऱ्याला दुसऱ्या चौघांच्या तैनातीत पाहिलं, तिचं कोण लिहिणार? तरी मला फिलिपिन्समधल्या मनिलाचा विमानतळ विसरता येत नाही. जुलै 1966. तिथल्या राष्ट्राध्यक्षांची बायको इमेल्डा मार्कोस हिच्या मेजवानीला बँड गेला नाही म्हणून सगळा देश उलटलेला, विमानतळावर धक्काबुक्की, लाथा. कसेबसे सगळे विमानात बसले, तर मॅलला परत खाली बोलावलं. आता आपली सुटका नाही असं त्याला वाटलं. उतरताना म्हणाला, लिलला सांगा, माझं तिच्यावर प्रेम आहे. (सोडलं नंतर.) हे लिहिताना मी आता रागावलेलो नाही, नुसताच बसलोय.

त्याने स्वतःही आठवणी लिहिल्या होत्या. हस्तलिखित प्रकाशकाला द्यायची तारीख 12 जानेवारी 1976. पाच तारखेला, मन पार खचलेल्या अवस्थेत हातात एअर रायफल घेऊन खोलीत बसलेला असताना लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. वय 40. अस्थी इंग्लंडला टपालाने पाठवल्या, त्याही वाटेत गहाळ झाल्या, मग सापडल्या. पोस्टखात्याच्या माणसाच्या वाट्याला हे! कागद न्यूयॉर्कमध्ये प्रकाशकाच्या तळघरात पडून राहिले. 1988 मध्ये तिथे तात्पुरत्या कामावर आलेल्या एका बाईला ते दिसले, तिने बीटल्समधल्या जॉन लेननच्या बायकोला, योको ओनोला कळवलं, तेव्हा कुठे ते घरच्यांना मिळाले. चरित्र यायला 2023 उजाडलं. तोपर्यंत बीटल्सवर किती पुस्तकं आली असतील, विचार करा, आणि त्यातली किती कधीच त्या व्हॅनमध्ये न बसलेल्यांनी लिहिली.

मघाशी मामाला फोन केला. दौऱ्यांच्या वह्या अजून आहेत म्हणाला: डिझेल, चहा, फ्यूज, कोणाला उचल किती दिली, कोणी परत केली नाही. "त्यात वाचण्यासारखं काय आहे?" म्हणाला. रविवारी जाऊन घेऊन येतोय. टाइप करायला कोणी मदत करणार असेल तर सांगा, अक्षर भयंकर आहे. ज्याने सकाळी ती कमेंट टाकली त्यालाही चालेल, त्याचा टायपिंगचा स्पीड चांगला आहे.