माकडतापाचा फॉरवर्ड आणि पातेऱ्यातली गोचीड

काजूला बोंडं धरली की दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या फोनांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: माकडताप हे अमेरिकेने सोडलेलं जैविक अस्त्र आहे. तो माकडाच्या श्वासातून आणि विष्ठेतून येतो, तेव्हा माकडं मारा, आणि मेलेलं माकड दिसलं की लगेच ओढून नेऊन पुरा. आजारी माणसाच्या घरी पाऊल टाकू नका. काजूचं बोंडू खाऊ नका. गोचीड चिकटली तर रॉकेल ओता. लस म्हणजे शुद्ध फसवणूक. रोज गुळवेलीचा काढा घेतला तर विषाणू जवळ फिरकत नाही. खाली जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'.

यंदा तो काजूची बी वेचायला जाणाऱ्या माझ्या मावशीकडून आला, खाली प्रश्न: "ह्यां खरां काय रे?" नाही, मावशी. बरंचसं खोटं आहे, आणि त्यातला एक सल्ला तर माणसाला थेट तापात लोटणारा आहे. आधी तोच घेतो.

मेलेलं माकड ओढून नेऊन पुरा म्हणे! हे लिहिणाऱ्याला माकडताप होतो कसा याचा पत्ताच नाही. हा विषाणू माणसाच्या अंगात शिरतो तो मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून. त्यातही बहुतेक वेळा चावते ती पिल्लू-अवस्थेतली गोचीड, जी खसखशीपेक्षा जेमतेम मोठी आणि तिळापेक्षा लहान असते. सुकलेल्या पानावर बसलेली असली तर दिसतही नाही. आजारी माकडाच्या अंगावर अशा गोचिडी रक्त पीत असतात. माकड मेलं, अंग थंड पडलं की त्या उतरतात आणि भोवतीच्या पातेऱ्यात, म्हणजे गळून सुकलेल्या पानांच्या थरात, पांगतात. म्हणजे माकड पडलेली जागा ही त्या दिवसांत रानातली सगळ्यात धोक्याची जागा. तिथे अनवाणी जायचं, वाकायचं, शेपटीला धरून ते धूड ओढायचं आणि वाटेवर गोचिडी सांडत न्यायचं, याला जनहित म्हणायचं असेल तर म्हणा.

करायचं ते एवढंच: लांब उभं राहून जागा नीट लक्षात ठेवायची, पोरांना आणि कुत्र्याला तिकडे जाऊ द्यायचं नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला, वनखात्याला किंवा गुरांच्या दवाखान्याला कळवायचं. ते लोक अंगभर संरक्षक कपडे घालून येतात, तपासणीसाठी नमुने घेतात, मृतदेह जाळतात आणि सभोवार मॅलाथिऑनची ५ टक्के भुकटी मारतात. माकड नुसतं पुरल्याने पातेऱ्यात उतरलेली गोचीड मरत नाही, ती मारायला ही भुकटी लागते. आणि ती जागा पुढेही काही आठवडे टाळायचीच, कारण आजारी माकडाचं रक्त प्यालेली गोचिडीची अळी कात टाकून पुढच्या अवस्थेत गेली तरी विषाणू सोबत घेऊन जाते.

जिवंत माकडं मारण्याचंही तेच. काळ्या तोंडाचं वानर काय, लाल तोंडाचं माकड काय, दोघंही या तापाने मरतात. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली म्हणूनच या रोगाचा शोध लागला आणि त्याला त्या जंगलाचं नाव मिळालं. माकड हे इशारा देणारं जनावर आहे. विषाणूचा खरा संसार गोचिडी, उंदीर, चिचुंद्र्या यांच्यात चालतो, आणि ते काही बंदुकीने संपत नाहीत. माकडांनी नारळ-केळींची वाट लावली आहे हे मान्य, शंभरदा मान्य. पण तो तंटा वेगळा आहे, त्यात तापाला ओढू नका.

अमेरिकेची गोष्ट येते कुठून तेही सांगतो, कारण तिला टेकू आहे. पुण्यातली विषाणू प्रयोगशाळा १९५२ मध्ये अमेरिकेतल्या रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने सुरू झाली, आणि क्यासनूरचा विषाणू तिथल्याच शास्त्रज्ञांनी ओळखला. एवढं खरं. पण ते शिमोग्यात गेले ते माकडं मरायला लागल्यानंतर. बंब आला म्हणून आग लागली, असं म्हणण्यातला प्रकार.

आजारी माणसाकडून दुसऱ्या माणसाला माकडताप होत नाही. बोंडू खाऊन होत नाही आणि फेणी पिऊन जातही नाही. पुढे.

लशीवर मात्र मला दात-ओठ खात थोडं कबूल करावं लागतं. कर्नाटकातल्या २००५ ते २०१० या काळातल्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के संरक्षण मिळतं आणि वर्धक डोस घेतला तर सुमारे ८३ टक्के, असं त्यात निघालं. शिवाय पहिले दोन डोस महिन्याच्या अंतराने, मग वर्धक, मग दरवर्षी पुन्हा, एवढं सगळं कोण पाळतो? बरेच लोक एका डोसवरच थांबले. पुढे या जुन्या लशीची ताकद भरेना, म्हणून ती देणंच बंद झालं आणि नव्या लशीचं काम सुरू आहे. तेव्हा 'लस कमी पडली' असं म्हणा, ऐकून घेतो. 'फसवणूक' म्हणू नका. ६२ टक्के म्हणजे शून्य नव्हे. आणि 'लशीनेच माकडताप येतो' असं मेसेजच्या एका आवृत्तीत आहे, ते तर साफ चूक, कारण त्या लशीत फॉर्मॅलिनने मारलेला विषाणू असायचा.

आता काढा. प्रतिकारशक्ती ही काही पाण्याची टाकी नाही, की रोज कपभर ओतली आणि भरली. शरीर प्रत्येक विषाणूविरुद्ध वेगळी प्रतिपिंडं बनवतं, आणि ती त्या विषाणूची किंवा त्याच्या लशीची ओळख झाल्यावरच बनतात. गुळवेलीत माकडतापाच्या विषाणूची ओळख करून देणारं काही नाही. उलट २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, हेही सांगायला हवं. पण माकडतापात यकृताला आधीच ताण असतो, मग वर हा प्रयोग कशाला?

गोचिडीवर रॉकेल किंवा चटका नको. डिवचली गेली तर ती लाळ आणखी आत ओकण्याची भीती असते, आणि विषाणू असतो तो लाळेतच. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून तिचं तोंड पकडा, न पिळता सरळ वर ओढा. नखाने चिरडू नका. मग जागा आणि हात साबणाने धुवा.

खरं तर रोखायचं काम याच्या आधी सुरू होतं. पिल्लू-गोचिडींचे दिवस साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २०१५ ला आणि दोडामार्गात २०१६ ला बी वेचणारे आजारी पडले ते यामुळेच. म्हणून साडीखाली किंवा गाऊनखाली पायघोळ लेंगा, त्याची टोकं मोज्यात खोचलेली, बाह्या मनगटापर्यंत, कपडे फिक्या रंगाचे. उघड्या कातडीला आरोग्य केंद्रातून मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल लावायचं, आणि घामाने जातं म्हणून दुपारी परत लावायचं. जेवायला पातेऱ्यावर बसायचं नाही. भाजावळीला (शेत भाजायला) किंवा गोठ्यात अंथरायला त्या रानातला पातेरा घरी आणायचा नाही. रानात चरणाऱ्या गुरांना गुरांच्या डॉक्टरकडून गोचीडनाशक घ्यायचं, कारण मोठी गोचीड गुरांवर पोसते आणि पुढची अंडी पातेऱ्यातच घालते. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि आंघोळीला कानामागे, काखेत, कमरेला नाडी बांधतो त्या जागी, गुडघ्यामागे बोट फिरवून बघायचं.

एवढं करूनही चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकदम थंडीताप, कपाळ फुटेल असं दुखणं, अंग मोडणं, उलट्या असं झालं तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं: काजूत गेले होते, अमुक तारखेला. तापाच्या सुरुवातीच्या दिवसांत पीसीआर तपासणी विषाणू दाखवते, त्यानंतर प्रतिपिंडांची तपासणी. उशिरा केलेली पीसीआर 'नाही' म्हणाली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. तापावर फक्त पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नको, कारण या तापात प्लेटलेट्स पडतात आणि हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ शकतं. विषाणू मारणारं खास औषध नाही, पण वेळेवर सलाईन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट अजून राहिली. हा ताप काहींना दोनदा गाठतो. पहिला उतरतो, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, माणूस परत बागेत जायला लागतो, आणि मग पुन्हा ताप, असह्य डोकेदुखी, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ. तेव्हा घरी थांबायचं नाही. पहिल्या तापाचे कागद बरोबर घेऊन त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं.