झापातिस्तांनी स्वराज्य गुंडाळले, हे खरे नाही

कोल्हापूरच्या हद्दवाढीचा वाद पेटला की गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा: मेक्सिकोच्या चियापास राज्यातील झापातिस्ता या आदिवासी चळवळीने सरकार झुगारून स्वतःची गावे चालवून पाहिली, पण २०२३ मध्ये तिने आपल्या नगरपालिका स्वतःच बरखास्त केल्या, ती मुळात मार्कोस या एकाच माणसाची चळवळ होती, तिला वेगळा देश हवा होता आणि ती परदेशी देणग्यांवर जगली. हद्दवाढ हवी की नको, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. दाखला तेवढा तपासू.

बरखास्ती झाली, हे खरे आहे. मात्र मजकूरकर्त्याने त्या वेळची निवेदने शेवटपर्यंत वाचलेली दिसत नाहीत. डिसेंबर १९९४ मध्ये चळवळीने स्वायत्त नगरपालिका जाहीर केल्या. २००३ मध्ये त्यांच्यावर पाच ‘काराकोल’ केंद्रांतून चालणारी सुशासन मंडळे आली आणि २०१९ मध्ये आणखी सात काराकोलांची भर पडली. या उतरंडीत वरचा निरोप खाली आणि खालचे गाऱ्हाणे वर नीट पोहोचत नव्हते, असे चळवळीनेच मान्य केले आणि निर्णयाचा अधिकार थेट गावपातळीवरच्या स्थानिक स्वायत्त सरकारांकडे सोपवला. अनेक गावांचे मिळून काही ठरवायचे असेल, तर ती एकत्र बसतात. पण त्यांना बोलावण्याचा अधिकार वरून खाली येत नाही. सत्ता खाली सरकवण्याला ‘गाशा गुंडाळणे’ म्हणायचे असेल, तर वाद खुंटलाच.

आपल्याकडे कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो, त्यामुळे सभेबद्दलच्या आपल्या अपेक्षा बेताच्याच असतात. झापातिस्ता गावांत पदाला पगार नाही. पदाधिकारी पाळीवर असताना त्याच्या मक्याच्या शेतात गावकरी राबतात आणि काम न पटल्यास सभा त्याला परत बोलावते. त्यांच्या हद्दीवरच्या पाट्यांवर लिहिलेले असते: ‘येथे जनता हुकूम देते आणि सरकार तो पाळते.’

मार्कोसचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. तो प्रवक्ता आणि लष्करी प्रमुख होता, परंतु आदिवासी कमांडरांच्या समितीच्या आदेशाखाली. २०१४ मध्ये ‘मार्कोस’ ही ओळखच मिटवल्याचे त्याने जाहीर केले आणि सात नवी काराकोल त्यानंतर उभी राहिली.

वेगळ्या देशाचा आरोप तर कागदोपत्रीच खोटा ठरतो. १ जानेवारी १९९४ रोजी, उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, उठाव झाला. त्यामागे १९९२ मध्ये घटनेच्या कलम २७ मध्ये झालेला बदल होता: त्याने जमिनीचे फेरवाटप थांबवले आणि सामाईक जमिनी विक्रीसाठी खुल्या केल्या. फेब्रुवारी १९९६ मध्ये सान आंद्रेस येथे सरकारशी करार झाला, तो मेक्सिकोच्या चौकटीतील स्वायत्ततेचा. सरकारने तो अमलात आणला नाही, तेव्हा मार्च २००१ मध्ये कमांडर एस्थर देशाच्या संसदेत जाऊन बोलल्या. फुटून निघणाऱ्यांना त्या संसदेचे उंबरठे झिजवण्याचे कारण काय?

देणग्यांबाबत मात्र मजकुरात अर्धे तथ्य आहे. बाहेरच्या पाठीराख्यांच्या पैशाने दवाखाने आणि शाळा उभ्या राहण्यास मदत झाली, हे चळवळ लपवत नाही. पण तिचा मूळ आधार उठावानंतर जमीनदारांकडून घेतलेली जमीन, तीवरचा मका आणि सहकारी गटांनी विकलेली कॉफी हाच राहिला. खरी अडचण मजकुरात आलेलीच नाही: अमली पदार्थांच्या टोळ्यांचा हिंसाचार चियापासमध्ये इतका वाढला की २०२३ मध्ये काराकोलांचे दरवाजे बाहेरच्यांना बंद करावे लागले. याच काळात चळवळीने काही जमिनी कोणाच्याही मालकीच्या नसतील असे ठरवले आणि झापातिस्ता नसलेल्या शेजाऱ्यांनाही त्या आळीपाळीने कसण्याची मुभा दिली.