रिपोर्टवरचा तो ‘आर’ येतो कुठून?

बाबांच्या लघवीचा कल्चर रिपोर्ट अजून माझ्या फाइलमध्ये आहे. डावीकडे अँटिबायोटिकांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. आर, आर, आर... म्हणजे रेझिस्टंट, हे औषध लागू पडणार नाही. पार तळाशी दोनच ‘एस’, म्हणजे सेन्सिटिव्ह, लागू पडणारी, आणि ती दोन्ही इंजेक्शनं शिरेतून द्यायची. बाबा उठसूट गोळ्या घेणाऱ्यातले कधीच नव्हते. मग हे जंतू एवढे निर्ढावले कुठे?

सगळ्यांचं सांडपाणी जिथे जातं त्या नदीतूनच ते आले असं मी म्हणत नाही, ते सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे. पण त्या दिवसापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचतेय, आणि नदीचं पाणी काही डोक्यातून जात नाही.

अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची कॅप्सूल घेतली की त्यातलं साधारण ६० टक्के औषध सहा-आठ तासांत जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. तिथून गटार, गटारातून नदी. सोबत आपल्याच आतड्यातले जंतू असतात, दवाखान्यांचं सांडपाणी असतं, गुराकोंबड्यांना दिलेली औषधंही असतात. औषधाला दाद न देण्याचा गुण बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्याशा कड्यावर असतो. हे कडं एक जंतू शेजारच्या जंतूला देऊन टाकतो. शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी! नदीतल्या दगडावर हाताला बुळबुळीत लागतो ना, त्या थरात जंतू एकमेकांना खेटून असतात. देवघेवीला याहून सोयीची जागा नाही.

‘एवढ्या पाण्यात औषध कितीसं उरणार?’ असं मलाही वाटायचं. पण स्वीडिश संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की जंतू मरायला लागतं त्याच्या शेकडो पट कमी औषध असलं तरी रेझिस्टंट जंतूच वरचढ ठरतात. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं मुख्यतः घाण आणि गाळ काढायला बांधलेली, औषधाला दाद न देण्याचा गुण देणारी ही जनुकं काढायला नव्हेत.

आणि कारखाने? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हैदराबादजवळ पटानचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी तपासलं, तर लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक निघालं. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं. आणि हे प्रक्रिया करून सोडलेलं पाणी होतं.

२०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख माणसं थेट रेझिस्टंट जंतूंमुळे गेली, असा अंदाज आहे. तरी सगळा उपदेश रुग्णालाच: मनाने गोळ्या घेऊ नका. बरोबरच आहे ते, मीही घरात तेच सांगते. पण सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकच्या मर्यादेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं यायला २०२४ उजाडलं, आणि तीही बंधनकारक नाहीत. मला कायद्यात लिहिलेली मर्यादा हवी आहे, आणि प्रत्येक कारखान्याच्या पाण्यात कुठलं औषध किती सापडलं, तो आकडा दर महिन्याला सगळ्यांना वाचता येईल असा हवा आहे.