राशी दिसल्या म्हणून वेधशाळा होत नाही

साताऱ्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर चार दिवस एक काळापांढरा फोटो फिरतोय. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि शेजारी परांची बांधलेला अर्धवट राजाबाई टॉवर. खाली मजकूर असा, की ही मूळची प्राचीन वेधशाळा. खिडकीत बारा राशी, मनोऱ्यावर चोवीस तीर्थंकर, इंग्रजांनी वर फक्त घड्याळ चढवलं. शेजारच्या नानांनी ‘जरूर वाचा’ म्हणून पाठवलंय, तेव्हा उत्तर नानांनाच.

नाना, राशी आहेत. गोल खिडकीच्या रंगीत काचांत बाराही आहेत. पण ही रीत युरोपातल्या जुन्या चर्चची. पॅरिसच्या नोत्र दामच्या पश्चिमेकडच्या गोल खिडकीतही राशीचक्र आहे. आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट इंग्लंडात चर्च बांधण्यात मुरलेला. हिंदुस्थानात कधी आलाच नाही, नकाशे पाठवले. तो त्याच्या ओळखीचंच काढणार ना? आपल्या रयत शिक्षण संस्थेचं बोधचिन्ह वड आहे. उद्या त्यावरून कुणी ‘इथे वटसावित्रीचं देऊळ होतं’ म्हणालं, तर तुम्हीच आधी हसाल.

अर्धवट मनोऱ्याचं म्हणाल तर सभागृह १८७४ ला पुरं झालं, टॉवर १८७८ ला. मधल्या काळात कुणीही फोटो काढला असता तरी तो असाच आला असता. शिवाय मुंबईच्या किल्ल्याचा तट १८६० च्या दशकात पडेपर्यंत त्यापुढचं मैदान, जिथे पुढे हा टॉवर उभा राहिला, तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं राखलेलं. वेधशाळा काय तोफेच्या तोंडी बांधली होती?

तीर्थंकरांच्या मुद्द्यावर मात्र लिहिणाऱ्याला दाद द्यायला हवी. आकडा जुळतो, आणि पैसे देणारे प्रेमचंद रायचंद जैनच. टॉवरला नाव त्यांच्या आईचं. पण तीर्थंकर ध्यानस्थ असतात, बसलेले नाहीतर हात सोडून ताठ उभे. चेहरे सारखेच, म्हणून ओळखायचे ते लांछनावरून, म्हणजे ज्याच्या त्याच्या ठरलेल्या चिन्हावरून: बैल, हत्ती, सिंह. टॉवरवरची दगडी माणसं चांगली कपडे-पागोट्यांतली आहेत, आणि प्रत्येकाचा थाट वेगळा. पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे ते नमुने.

मला खटकतं ते हेच. विद्यापीठाच्या मनोऱ्यावर माणसं कोरली, तीही जातवार. ग्रुपवर चार दिवस वाद घालायचाच होता, तर यावर घालायचा होता.